रेल्वेची जुनी शेअर प्रमाणपत्रे : संग्राहकाचा कागद आणि इतिहासकाराचे साधन

घटकाची उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :
- शेअर प्रमाणपत्राचे भाग ओळखून त्याचा काळ आणि प्रवास सांगता येईल.
- एका अमेरिकन रेल्वेच्या उदाहरणावरून भांडवल, स्थानिक कर आणि प्रदेशाचा विकास यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
- या साधनाच्या मर्यादा ओळखता येतील आणि भारतातील रेल्वे भांडवलाशी त्याची तुलना करता येईल.

१. प्रस्तावना

आजच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शेअर म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरील एक आकडा असतो. भारतात १९९६च्या डिपॉझिटरीज कायद्यानंतर शेअर डिमॅट खात्यात जाऊ लागले आणि कागदी प्रमाणपत्रे हळूहळू घरातील जुन्या पेटीत गेली. त्याआधी सुमारे दीडशे वर्षे मात्र शेअर म्हणजे हातात धरता येणारा, सहीशिक्क्याचा कागदच होता. एकोणिसाव्या शतकात असे कागद सर्वाधिक प्रमाणात काढणाऱ्या उद्योगांमध्ये रेल्वेचा क्रमांक फार वरचा होता. लोहमार्ग टाकायला लागणारा पैसा एका कुटुंबाकडे किंवा एका पेढीकडे नसे. तो हजारो लोकांकडून गोळा करावा लागे आणि प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याची पावती द्यावी लागे.

कंपन्या बुडाल्या, विलीन झाल्या, पण या पावत्या उरल्या. जुने शेअर आणि रोखे जमवण्याच्या छंदाला इंग्रजीत १९७०च्या दशकात 'स्क्रिपोफिली' असे नाव मिळाले. पोस्टाची तिकिटे किंवा जुनी नाणी जमवणाऱ्यांप्रमाणेच या छंदाचेही मेळावे, लिलाव आणि किमतीच्या याद्या असतात. त्यात अमेरिकन रेल्वेच्या प्रमाणपत्रांना विशेष मागणी आहे, कारण ती विपुल आहेत, देखणी आहेत आणि त्यांवर गावांची नावे आहेत. आपल्या गावाच्या बंद पडलेल्या रेल्वेचा कागद जवळ असावा, असे अनेकांना वाटते.

हा छंद आपल्याला एका विशिष्ट प्रश्नासाठी महत्त्वाचा आहे. शेअर प्रमाणपत्र सांगते की, अमुक व्यक्तीचा या रेल्वेत एवढा हिस्सा आहे. पण रेल्वेचा खर्च शेवटी कोणी सोसला, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. प्रदेशाचा इतिहास लिहायचा तर हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा असतो. न्यूयॉर्क राज्यातील एका रेल्वेच्या उदाहरणाने आपण हे पाहू.

२. प्रमाणपत्र कसे वाचावे

एखादे अमेरिकन रेल्वे प्रमाणपत्र समोर ठेवले तर त्यात साधारणपणे पुढील गोष्टी दिसतात.

*कंपनीचे नाव आणि राज्य.* अमेरिकेत कंपनीची नोंदणी राज्याच्या कायद्याखाली होत असे. म्हणून कोणत्या राज्याच्या कायद्याने ही कंपनी स्थापन झाली, हे प्रमाणपत्रावर छापलेले असते. नावातही पुष्कळ माहिती असते. सुरुवातीच्या कंपन्या दोन गावांची किंवा दोन नद्यांची नावे घेत. १८२६मध्ये सनद मिळालेली 'मोहॉक अँड हडसन' ही त्यांपैकीच एक. १८३१मध्ये तिची गाडी ऑल्बनी आणि स्केनेक्टडी यांच्या दरम्यान सुरू झाली. पुढे नावांमध्ये 'वेस्टर्न' किंवा 'पॅसिफिक' असे शब्द येऊ लागले. यांतील अनेक कंपन्या पॅसिफिक महासागराच्या जवळपासही पोहोचल्या नाहीत. त्यामुळे अशा नावावरून कंपनीची आकांक्षा कळते. तिचा प्रत्यक्ष मार्ग किती होता, हे नकाशावरच तपासावे लागते.

*दर्शनी मूल्य.* बहुतेक अमेरिकन रेल्वे शेअरचे दर्शनी मूल्य १०० डॉलर असे. पेनसिल्व्हेनिया रेल्वेसारख्या काही कंपन्यांचे ते ५० डॉलर होते. येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक होते. दर्शनी मूल्य म्हणजे कंपनीला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम नव्हे. कंत्राटदाराला रोख पैशाऐवजी शेअर देणे, किंवा रोख्यांबरोबर शेअर जवळपास फुकट देणे, हे त्या काळात सर्रास चालत असे.

*चित्र.* वरच्या बाजूला बारीक कोरीव कामाचे चित्र असते : धूर सोडणारे इंजिन, बंदर, कारखाना, अथवा पुराणकथेतील एखादी स्त्री. ही चित्रे नोटा छापणाऱ्या कंपन्या कोरत. १८५८मध्ये अशा सात छापखान्यांच्या एकत्रीकरणातून 'अमेरिकन बँक नोट कंपनी' निर्माण झाली. एवढे बारीक काम करण्याचे कारण बनावटगिरी रोखणे हे होते. मानवी चेहऱ्याची हुबेहूब नक्कल करणे सर्वांत अवघड, म्हणून चित्रात माणसे असत. चित्र पाहून 'हेच या रेल्वेचे इंजिन' असा निष्कर्ष मात्र काढू नये. छापखान्याकडे तयार ठशांचा साठा असे आणि तोच ठसा अनेक कंपन्यांसाठी वापरला जाई. काही मोठ्या कंपन्यांनी मात्र स्वतःच्या मार्गावरील खास दृश्ये कोरून घेतली. आल्टूनाजवळचे घोड्याच्या नालासारखे वळण पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या प्रमाणपत्रावर दिसते.

*मुद्रांक.* यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकन सरकारने १८६२मध्ये दस्तऐवजांवर कर बसवला. त्यामुळे १८६२ ते १८७२ या काळातील शेअर प्रमाणपत्रांवर बहुधा २५ सेंटचे महसुली तिकीट चिकटवलेले आढळते. तारीख पुसट झाली असेल तर काळ ठरवायला या तिकिटाचा उपयोग होतो.

*सह्या, क्रमांक आणि मागची बाजू.* पुढच्या बाजूला अध्यक्ष आणि खजिनदार किंवा सचिव यांच्या सह्या असतात. मागच्या बाजूला हस्तांतरणाचा मजकूर आणि विकणाऱ्याची सही असते. इतिहासकाराला बहुधा मागची बाजूच अधिक सांगते. शेअर किती दिवसांत विकला गेला? घेणारा स्थानिक होता की न्यूयॉर्क शहरातील दलाल? धारकाच्या नावापुढे 'विश्वस्त', 'मृत्युपत्राचा व्यवस्थापक' किंवा 'अज्ञान मुलाचा पालक' असे लिहिलेले असेल, तर तो पैसा धाडसी सटोडियाचा नव्हता, एखाद्या कुटुंबाची जपून ठेवलेली बचत होती, असे समजायला जागा असते.

*रद्द केल्याच्या खुणा.* विकलेला शेअर कंपनीकडे परत येई. त्यावर भोके पाडत किंवा शाईने काट मारत आणि तो पुस्तकातील स्थळप्रतीला पुन्हा चिकटवून ठेवत. म्हणून आज बाजारात दिसणारी बहुतेक प्रमाणपत्रे रद्द झालेली आहेत. ज्यावर कोणतीही खूण नाही, असा कागद शेवटच्या धारकाकडेच राहिलेला असू शकतो. अनेकदा याचा अर्थ असा की, तो विकत घ्यायला कोणीच उरले नव्हते.

३. कागदावरचा विश्वास : ईरी प्रकरण

प्रमाणपत्रावर कंपनीच्या सहीबरोबर एखाद्या बँकेची 'नोंदणीकर्ता' म्हणून सही का आली, याला एक इतिहास आहे. १८६८मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट हे ईरी रेल्वेचे शेअर विकत घेऊन ती ताब्यात घेऊ पाहत होते. कंपनीच्या संचालक मंडळावरील डॅनियल ड्रू, जे गोल्ड आणि जेम्स फिस्क यांनी १ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे काढले, त्यांचे शेअरमध्ये रूपांतर केले आणि ते बाजारात सोडले. व्हँडरबिल्ट जेवढे घेत, तेवढे नवे तयार होत. अटकेची वेळ आली तेव्हा ही मंडळी हडसन नदी ओलांडून न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीला गेली, कारण न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा हुकूम तेथे चालत नव्हता.

या प्रकरणामुळे एक साधा प्रश्न सर्वांपुढे उभा राहिला : कंपनीने एकूण किती शेअर काढले आहेत, हे घेणाऱ्याला कसे कळावे? न्यूयॉर्क शेअर बाजाराने १८६९मध्ये कंपन्यांनी आपले शेअर स्वतंत्र संस्थेकडे नोंदवावेत, असा आग्रह धरला. तेव्हापासून नोंदणीकर्त्याची सही हा प्रमाणपत्राचा महत्त्वाचा भाग झाला. ती सही दिसली की, फसवणुकीनंतर उभारलेला एक पहारा आपण पाहत आहोत, हे लक्षात ठेवावे.

ईरी प्रकरण शेअर बाजारातील बड्या लोकांचे होते. त्याच वर्षांत त्याच राज्याच्या ग्रामीण भागात दुसरी एक गोष्ट घडत होती. तिच्यात शेतकरी होते, दुकानदार होते आणि त्यांचा शेतसारा होता.

४. मिडलँड रेल्वे : गावागावातून वळत गेलेला मार्ग

ओस्वेगो हे लेक ऑन्टॅरिओच्या काठावरील बंदर. तेथून थेट न्यूयॉर्क शहराकडे जाणारी रेल्वे असावी, या कल्पनेतून १८६६च्या आरंभी 'न्यूयॉर्क अँड ओस्वेगो मिडलँड' ही कंपनी स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते ओस्वेगोचे राजकारणी डेविट क्लिंटन लिटलजॉन. राज्याच्या विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी अनेकदा भूषवले होते आणि कायदा कसा करून घ्यावा, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

अडचण पैशाची होती. राज्यातील समृद्ध पट्टा, म्हणजे ऑल्बनी, युटिका, सिरॅक्यूज ही शहरे, 'न्यूयॉर्क सेंट्रल' या मोठ्या कंपनीच्या मार्गावर आधीच होती. त्यांना नव्या रेल्वेची गरज नव्हती. गरज होती ती मधल्या डोंगराळ भागातील खेड्यांना. तेथील दूध, लोणी, लाकूड आणि कातडी बैलगाडी-घोडागाडीने दूरच्या स्थानकावर न्यावी लागत होती. पण या भागात मोठे भांडवलदार नव्हते.

यावर तोडगा निघाला तो 'टाउन'च्या पतीचा. न्यूयॉर्क राज्यात काउंटीचे छोटे विभाग असतात, त्यांना टाउन म्हणतात. त्यात एखादे-दोन गावे आणि भोवतालची शेतजमीन येते आणि त्यांना कर बसवण्याचा अधिकार असतो. १८६६च्या कायद्याने मार्गावरील टाउनना कर्जरोखे काढून मिडलँडला मदत करण्याची मुभा दिली. त्यासाठी ठरावीक प्रमाणात करदात्यांची लेखी संमती घ्यावी लागे. व्यवहार असा होता : टाउन आपल्या नावाने कर्जरोखे काढी आणि ते किंवा त्यांच्या विक्रीचा पैसा कंपनीला देई. कंपनी त्या बदल्यात टाउनला आपले शेअर देई. म्हणजे टाउन एकाच वेळी कंपनीचे भागधारक झाले आणि रोखेधारकांचे ऋणको झाले.

या व्यवस्थेचा परिणाम थेट नकाशावर उमटला. रेल्वे कोठून जाणार, हे भूगोलाने कमी आणि रोख्यांनी अधिक ठरवले. जे टाउन रोखे देईल तिकडे मार्ग वळला आणि जे देणार नाही ते टाळले गेले. ओस्वेगोहून निघालेला मार्ग सिरॅक्यूजला न जाता ओनायडा सरोवराच्या उत्तरेकडून गेला. पुढे ओनायडा, नॉर्विच, सिडनी, वॉल्टन, लिबर्टी, मिडलटाउन असा तो वळणे घेत दक्षिणेकडे उतरला. डोंगररांगांना समांतर दरीतून जाण्याऐवजी हा मार्ग त्या ओलांडत गेला. त्यामुळे उंच पूल, बोगदे आणि तीव्र चढ आले व बांधकामाचा खर्च वाढला. राज्यातील मोठी शहरे मात्र एकामागून एक बाजूला राहिली.

गावकऱ्यांचा हिशेब मूर्खपणाचा नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. रेल्वे आली तर जमिनीची किंमत वाढेल, दूध शहरात जाईल आणि करांचा बोजा त्यातून आपोआप फिटेल, असे त्यांना सांगितले होते. शेजारच्या टाउनने रोखे दिले आणि आपण दिले नाहीत, तर गाव कायमचे मागे पडेल, ही भीतीही खरी होती.

५. १८७३ : दोन कागदांची ताटातूट

१८७३च्या उन्हाळ्यात मिडलँडचा मुख्य मार्ग पूर्ण झाला. १८ सप्टेंबर १८७३ रोजी 'जे कुक अँड कंपनी' ही पेढी कोसळली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या रोख्यांत तिचा पैसा अडकला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी न्यूयॉर्क शेअर बाजार बंद ठेवावा लागला आणि तो दहा दिवस बंद राहिला. मिडलँडवर आधीच मोठे कर्ज होते आणि नव्या मार्गावर पुरेशी वाहतूक नव्हती. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोर झाली आणि न्यायालयाने तिच्यावर रिसीव्हर नेमले.

आता टाउनच्या तिजोरीतील दोन कागदांकडे पाहू.

पहिला कागद मिडलँडचे शेअर प्रमाणपत्र. कंपनी बुडाली की, आधी तारणधारकांचे देणे भागते आणि भागधारकाचा क्रम शेवटी लागतो. या शेअरवर लाभांश मिळाला नव्हता आणि १८७३नंतर बाजारात त्याला जवळजवळ किंमत उरली नाही.

दुसरा कागद टाउनचा कर्जरोखा. त्याच्यावर कंपनीच्या दिवाळखोरीचा काहीही परिणाम झाला नाही. तो टाउनने काढलेला होता आणि तोपर्यंत न्यूयॉर्कमधील किंवा आणखी दूरच्या कोणा धारकाच्या हाती गेला होता. त्यावरील व्याज आणि मुद्दल टाउनलाच द्यायचे होते, म्हणजे दरवर्षी घरपट्टी आणि जमिनीवरील करातून वसूल करायचे होते. अनेक टाउनच्या बाबतीत ही परतफेड पुढच्या पिढीपर्यंत चालली. ज्याने संमतीपत्रावर सही केली तो शेतकरी मरण पावला, तरी त्याच्या मुलाच्या करात रेल्वेचा हप्ता राहिला.

काही ठिकाणी टाउननी रोखे नाकारण्याचा प्रयत्न केला : संमती नीट घेतली नव्हती, सह्या पुरेशा नव्हत्या, अशा मुद्द्यांवर. हा वाद एकट्या न्यूयॉर्कचा नव्हता. आयोवा राज्यातील डब्यूक शहराच्या रेल्वे रोख्यांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४मध्ये 'गेल्पके विरुद्ध डब्यूक' या खटल्यात रोखेधारकांच्या बाजूने निकाल दिला. राज्याच्या न्यायालयाने नंतर आपले मत बदलले असले, तरी रोखे काढताना ते वैध मानले जात होते आणि घेणाऱ्याने त्या विश्वासावर पैसा गुंतवला होता, असा त्यामागचा विचार होता. या निकालानंतर गावांना व शहरांना कर्ज बुडवणे फार अवघड झाले.

न्यूयॉर्क राज्याने धडा घेतला तो घटनेत बदल करून. १८७४मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीने काउंटी, शहर, टाउन किंवा खेडे यांना खासगी कंपनीला पैसा अथवा पत देण्यास मनाई केली. पण आधी काढलेले रोखे फेडावेच लागले.

६. त्यानंतरची रेल्वे आणि तिची प्रमाणपत्रे

१८७९मध्ये मिडलँडचा लिलाव झाला आणि १८८०च्या आरंभी तिच्या जागी 'न्यूयॉर्क, ऑन्टॅरिओ अँड वेस्टर्न' ही नवी कंपनी उभी राहिली. लोक तिला 'ओ अँड डब्ल्यू' म्हणत आणि गमतीने त्या अक्षरांचा अर्थ 'ओल्ड अँड विअरी', म्हणजे म्हातारी आणि थकलेली, असा करत. १८९०मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटनच्या कोळशापर्यंत शाखा गेली आणि काही दशके या रेल्वेला चांगले दिवस आले. कोळसा, न्यूयॉर्क शहराला जाणारे दूध आणि कॅटस्किलच्या डोंगरात हवापालटासाठी जाणारे प्रवासी हे तिचे तीन आधार होते. १९०४मध्ये 'न्यूयॉर्क, न्यू हेवन अँड हार्टफर्ड' या मोठ्या कंपनीने तिचे बहुमताचे शेअर घेतले. ज्या रेल्वेची सुरुवात गावांच्या भागभांडवलातून झाली होती, तिचा ताबा आता दुसऱ्या राज्यातील एका कंपनीकडे गेला.

पुढे मोटारी आणि ट्रक आले, कोळशाची मागणी घटली. १९३७मध्ये कंपनी पुन्हा दिवाळखोर झाली आणि २९ मार्च १९५७ रोजी पाचशेहून अधिक मैलांची ही रेल्वे संपूर्ण बंद पडली. रूळ उखडून भंगारात विकले गेले. काही ठिकाणी दगडी खांब आणि झाडीत हरवलेला बांध एवढेच उरले.

तरीही, ज्या गावांनी कर भरला त्यांना काहीच मिळाले नाही, असे म्हणणे चूक ठरेल. मूळ शेअर बुडाले, पण गाडी चौऱ्याऐंशी वर्षे धावली. सलिव्हन काउंटीतील दुग्धव्यवसाय आणि हॉटेलांचा धंदा तिच्यावर वाढला. प्रश्न एवढाच की, हा लाभ ज्यांना झाला आणि ज्यांनी कर भरला, ती माणसे एकच होती का? स्थानकापासून दूर असलेल्या शेतकऱ्याने तेवढाच कर भरला आणि त्याला स्थानकाजवळच्या जमीनमालकाइतका फायदा मिळाला नाही. या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या कागदांत सापडत नाही. ते काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळांच्या छापील वार्षिक कामकाजात, कराच्या नोंदवह्यांत आणि स्थानिक वर्तमानपत्रांत शोधावे लागते.

७. संग्राहकाचे मोल आणि इतिहासाचे मोल

संग्राहकाच्या बाजारात किंमत ठरते ती चार गोष्टींवर : दुर्मिळता, कागदाची अवस्था, चित्राची शोभा आणि सही. जे गोल्ड किंवा व्हँडरबिल्ट यांच्या सहीचे प्रमाणपत्र महाग असते. 'ओ अँड डब्ल्यू'च्या नंतरच्या काळातील, दलालांच्या नावे काढलेली शंभर शेअरची प्रमाणपत्रे पुष्कळ उपलब्ध असल्याने स्वस्त मिळतात.

इतिहासकाराचा क्रम वेगळा असतो. एखाद्या टाउनच्या नावे काढलेला साधा, चित्रहीन कागद त्याला गोल्डच्या सहीपेक्षा अधिक सांगू शकतो. टाउनच्या कर्जरोख्याचीही तीच गोष्ट. त्याच्या कडेला सहामाही व्याजाची कूपने छापलेली असत. व्याज घेताना धारक एकेक कूपन कापून देई. कोणत्या तारखेपर्यंतची कूपने कापली आहेत, हे मोजले की व्याज केव्हापर्यंत घेतले गेले, याचा अंदाज येतो. मात्र येथेही सावध राहावे. उरलेली कूपने म्हणजे देणे थकलेच असे नाही. रोखा मुदतीपूर्वी फेडला किंवा नव्या रोख्याशी बदलून घेतला असेल, तरीही कूपने शिल्लक राहतात. रद्द केल्याचा शिक्का आणि टाउनचे हिशेब यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कंपनीची एकूण स्थिती पाहण्यासाठी १८६८पासून हेन्री व्हार्नम पुअर यांनी काढलेली रेल्वेची वार्षिक माहितीपुस्तके उपयोगी पडतात.

या छंदामुळे पुष्कळ कागद रद्दीत जाण्यापासून वाचले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. बंद कंपनीचे हस्तांतरण-पुस्तक बाजारात आले की, त्यातील प्रमाणपत्रे सुटी करून विकली जातात, कारण सुट्यांना अधिक भाव मिळतो. स्थळप्रत एकीकडे जाते, प्रमाणपत्र दुसरीकडे आणि नोंदवही टाकून दिली जाते. पाचशे धारकांच्या सलग यादीतून एका प्रदेशाची सामाजिक रचना कळली असती. भिंतीवर चौकटीत लावलेल्या एका प्रमाणपत्रातून ती कळत नाही. म्हणून असे कागद जवळ असणाऱ्याने निदान क्रमांक, तारीख, धारकाचे नाव आणि मागच्या बाजूच्या नोंदी यांची यादी करून ठेवावी व दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत.

८. भारताशी तुलना

भारतीय रेल्वेच्या जुन्या प्रमाणपत्रांना हाच प्रश्न विचारून पाहू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची स्थापना १८४९मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने झाली आणि तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईच्या प्रमुख नागरिकांनी या योजनेला पाठिंबा दिला होता. तरी भांडवल बहुतांशी इंग्लंडमध्येच उभे राहिले. त्याचे मुख्य कारण म्हणजे सरकारी हमी : गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याज मिळेलच आणि रेल्वेचे उत्पन्न कमी पडल्यास उरलेली रक्कम भारताच्या महसुलातून दिली जाईल.

म्हणजे येथेही दोन बाजू होत्या. प्रमाणपत्रावर नाव लंडनच्या किंवा इंग्लंडच्या एखाद्या लहान गावातील धारकाचे आणि तूट भरणारा भारतातील करदाता. फरक मोठा आहे. न्यूयॉर्कच्या टाउनमधील करदात्याची निदान लेखी संमती मागितली गेली होती आणि चूक झाल्यावर राज्यघटना बदलण्याचा मार्ग त्याच्यापुढे खुला होता. भारतातील रयतेला कोणी विचारले नव्हते. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेवरील खर्चाची जी चिकित्सा केली, तिच्या मुळाशी हाच मुद्दा होता. सरकारने १९००मध्ये ही कंपनी विकत घेतली, तेव्हा भागधारकांना वार्षिक हप्त्यांचा पर्याय दिला गेला आणि ते हप्ते १९४८पर्यंत चालले.

टाउनच्या रोख्यांशी अधिक जवळचे साम्य तंजावरमध्ये दिसते. तेथील जिल्हा बोर्डाने जमिनीवर खास उपकर बसवून पैसा जमवला आणि मायावरम ते मुत्तुपेट ही रेल्वे बांधली. ती १८९४मध्ये सुरू झाली. येथे कर भरणारे आणि रेल्वे मिळणारे एकाच जिल्ह्यातील होते. उलट बार्शी लाइट रेल्वेची कंपनी १८९५मध्ये लंडनमध्ये नोंदली गेली. १८९७मध्ये सुरू झालेली तिची अडीच फुटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. १९५४मध्ये सरकारने ती घेईपर्यंत वारकऱ्यांच्या तिकिटांतून आलेल्या नफ्याचा वाटा लंडनच्या कंपनीच्या भागधारकांकडे जात होता. या तीन रेल्वे शेजारी ठेवल्या की, 'भांडवल कोणाचे, जोखीम कोणाची आणि गाडी कोणाची' या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वेळी वेगळी येतात.

९. समारोप

रेल्वेचे जुने शेअर प्रमाणपत्र हे खरे आणि उपयुक्त साधन आहे. त्यावरून कंपनीची आकांक्षा, छपाईचे तंत्र, कायद्यातील बदल आणि धारकांचे जाळे कळते. पण तो एका व्यवहाराचा अर्धाच कागद आहे. मिडलँडच्या उदाहरणात दुसरा अर्धा कागद टाउनच्या कर्जरोख्याच्या रूपाने होता. भारतात तो सरकारी हमीच्या करारात किंवा जिल्हा बोर्डाच्या उपकराच्या हिशेबात होता. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाने पहिला कागद हाती आला की लगेच दुसऱ्याचा शोध सुरू करावा.

स्वाध्याय

१. दर्शनी मूल्य आणि कंपनीला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम यांत फरक का पडतो, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. मिडलँड रेल्वेचा मार्ग ठरवण्यात टाउनच्या रोख्यांची भूमिका सांगा.
३. 'शेअर बुडाला, पण रोखा उरला' या विधानाचा अर्थ १८७३च्या संदर्भात विशद करा.
४. न्यूयॉर्कचा करदाता आणि हमीपद्धतीखालील भारतीय करदाता यांच्या स्थितीची तुलना करा.
५. आपल्या जिल्ह्यातील एखादी चालू किंवा बंद पडलेली रेल्वे निवडा. तिचे भांडवल कोठून आले आणि तोटा कोणी सोसला, हे जिल्हा गॅझेटियर आणि जुनी वर्तमानपत्रे पाहून शोधा. त्यावर ५०० शब्दांचे टिपण लिहा.